घर घेताना खरेदीदाराने स्वतःचा एजंट का नेमावा?

प्रश्न एका दांपत्याचा आहे. दोघेही नोकरी करतात, पुण्यात पहिले घर घ्यायचे आहे आणि किंमत ऐंशी लाखांच्या आसपास धरली आहे. कोथरूड-कर्वेनगर भागातील जुन्या सोसायटीतला फ्लॅट घ्यावा की वाघोलीकडे बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात बुकिंग करावे, हे अजून ठरलेले नाही. त्यांचे म्हणणे असे, की घरे संकेतस्थळांवर दिसतातच, नव्या प्रकल्पाच्या साइटवर ‘आमच्याकडे ब्रोकरेज लागत नाही’ असे सांगितले जाते आणि रीसेलचा फ्लॅट दाखवायला विक्रेत्याचा एजंट येतोच. मग आपला वेगळा एजंट नेमून त्याला पैसे का द्यावेत?

पुण्यात अनेक वर्षे हा व्यवसाय केल्यावर, आणि त्यातला बराच काळ केवळ खरेदीदारांच्या बाजूने काम केल्यावर, माझे मत असे आहे, की पहिले घर घेणाऱ्याने स्वतःचा एजंट अवश्य नेमावा. घर शोधण्याचे काम आता बहुतांशी फोनवरच होते, हे मला मान्य आहे. एजंटची खरी गरज घर आवडल्यानंतर लागते आणि ती सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर आपले नाव चढेपर्यंत संपत नाही. या मधल्या दोन-तीन महिन्यांत आपण ज्यांच्या सांगण्यावरून निर्णय घेता, त्यांतील जवळजवळ प्रत्येकाची कमाई व्यवहार पार पडण्यावर अवलंबून असते. व्यवहार आपल्या हिताचा आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी त्यांच्यापैकी कोणावरही नसते.

एकेकाकडे पाहा. विक्रेत्याच्या एजंटला विक्रेत्याने नेमलेले असते. तो आपल्याशी कितीही सौजन्याने बोलला तरी विक्रेत्याला जास्तीत जास्त किंमत मिळवून देणे हे त्याचे काम आहे. साइटवरील सेल्स ऑफिसातील मंडळी बिल्डरची नोकर असतात. ज्याला या व्यवसायात चॅनेल पार्टनर म्हणतात, तो आपल्याला साइटवर घेऊन जातो, पण त्याचे कमिशन बिल्डर देतो. कोणत्या प्रकल्पात ते किती, हे त्याला ठाऊक असते आणि आपल्याला नसते. कर्ज मिळवून देणारा बँकेचा प्रतिनिधी कर्ज मंजूर होण्यावर कमावतो. राहता राहिले बँकेचे वकील आणि मूल्यांकन करणारा अभियंता. ‘बँकेने कागद तपासले म्हणजे झाले’ असे मानणारे खरेदीदार मला सतत भेटतात. बँक तपासते ते तिने दिलेले कर्ज सुरक्षित आहे का एवढेच. पार्किंगची जागा कोणाच्या नावावर आहे, वरच्या मजल्यावरून गळती होते का, टँकरच्या पाण्यावर सोसायटीचा किती खर्च होतो, या गोष्टींशी तिचा संबंध नसतो.

एजंटने नेमणाऱ्याशी एकनिष्ठ असावे, ही केवळ नैतिक अपेक्षा नाही. भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये कलम १८२ पासून पुढे प्रतिनिधीची कर्तव्ये सांगितली आहेत: त्याने योग्य कौशल्याने काम करावे, हिशेब द्यावा, अडचण आल्यास नेमणाऱ्याला कळवून त्याच्या सूचना घ्याव्यात आणि त्याच्या संमतीशिवाय त्या व्यवहारात स्वतःचा स्वार्थ साधू नये. परंतु ही कर्तव्ये प्रतिनिधीला नेमणाऱ्याच्या संदर्भात आहेत. आपण कोणालाच नेमले नसेल, तर ती आपल्या बाजूने लागू होण्याचा प्रश्नच येत नाही. रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता व्यवसायाचे नियमन करणाऱ्या कायद्याच्या कलम ९ आणि १० ने एजंटांवर नोंदणीचे आणि माहिती देण्याचे बंधन घातले, महाराष्ट्रात त्याच कायद्याखालील प्राधिकरणाने, म्हणजे महारेराने, २०२३ मध्ये त्यांच्यासाठी प्रशिक्षण व परीक्षाही अनिवार्य केली, आणि हे सर्व स्वागतार्हच आहे. तरीही जुन्या इमारतींमधील रीसेलचे व्यवहार बहुतांशी या चौकटीबाहेर राहतात, आणि कोथरूडमध्ये आपण पाहणार ते बहुतेक फ्लॅट याच प्रकारचे असतील.

आता किमतीचे पाहू. संकेतस्थळांवर दिसतो तो विक्रेत्याने मागितलेला भाव. व्यवहार प्रत्यक्षात कितीला झाला, ते तिथे दिसत नाही. ते नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्च सुविधेत सापडते, जिथे मिळकत क्रमांकावरून त्या जागेवरील नोंदवलेल्या दस्तांची सूची क्रमांक दोन, म्हणजे ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात ती, पाहता येते. त्याच सोसायटीत गेल्या दोन वर्षांत कोणते फ्लॅट कितीला गेले, हे कोणाही नागरिकाला पाहता येते. परंतु कोणता फ्लॅट रस्त्याकडे तोंड करून होता, कोणता नूतनीकरण केलेला होता, कोणता घरातल्या घरात हस्तांतरित झाला म्हणून कमी दाखवला गेला, हे भागात रोज काम करणाऱ्यालाच कळते. मी खरेदीदारासाठी बोलणी करायला बसतो तेव्हा हे दस्त समोर ठेवून बोलतो. ‘काहीतरी कमी करा’ असे म्हणणाऱ्याला विक्रेता लाख-दोन लाख सोडून वाटेला लावतो. याच इमारतीतला याच आकाराचा फ्लॅट सात महिन्यांपूर्वी अमुक रकमेला नोंदवला गेला आहे, असे सांगणाऱ्याशी त्याला नीट बोलावे लागते. विक्रेत्याला घाई का आहे, फ्लॅट किती दिवस बाजारात आहे, आधी कोणाशी बोलणे फिसकटले होते, हेही व्यवसायातल्या माणसाला चार फोन केल्यावर कळते. शिवाय ही बोलणी खरेदीदाराने स्वतः केली, की घर आवडल्याचे त्याच्या चेहऱ्यावरच दिसते; दुसरा माणूस मधे असला, की विचार करायला एक रात्र मिळते.

नव्या प्रकल्पात घासाघीस वेगळ्या जागी होते. तिथे प्रति चौरस फूट भाव सांगितला जातो, पण तो कोणत्या चौरस फुटांचा, हे पाहणे महत्त्वाचे असते. रेराच्या व्याख्येप्रमाणे चटई क्षेत्रात, म्हणजे कार्पेटमध्ये, घरातील आतल्या भिंती धरल्या जातात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि टेरेस धरले जात नाहीत. विक्रीच्या कागदावर मात्र बाल्कनी-टेरेससकट ‘वापरण्यायोग्य’ क्षेत्र मोठ्या अक्षरात असते. ऐंशी लाखांचा फ्लॅट ७४० चौरस फुटांचा म्हणून दाखवला, तर भाव १०,८०० रुपयांच्या आसपास वाटतो; त्यात कार्पेट ६५० असेल, तर तोच भाव १२,३०० च्या पुढे जातो. दोन प्रकल्पांची तुलना करताना मी प्रथम दोन्ही कॉस्ट शीट, म्हणजे किमतीचे तपशीलवार तक्ते, एकाच मापावर आणतो, आणि मग फ्लोअर राइज (वरच्या मजल्यासाठीची जादा रक्कम), इन्फ्रास्ट्रक्चर चार्जेस, क्लब हाउस, दोन वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स, अशा ओळी एकेक करून विचारतो. यातल्या काही ओळी कमी होतात, काही होत नाहीत. परंतु कोणती ओळ हलते, हे अशा पाच-दहा कॉस्ट शीट हाताखालून गेलेल्यालाच ठाऊक असते.

माझ्या अनुभवात खरेदीदाराचे सर्वाधिक नुकसान ज्या टप्प्यावर होते, तो टोकनचा. फ्लॅट रविवारी आवडतो, विक्रेत्याचा एजंट म्हणतो की आणखी एक पार्टी संध्याकाळी येणार आहे, आणि सोमवारी सकाळी एक-दोन लाख रुपये ऑनलाइन पाठवले जातात. पावती म्हणून व्हॉट्सॲपवर एक ओळ येते. पुढे कर्ज कमी मंजूर झाले, मूळ कागद सापडला नाही किंवा विक्रेत्याच्या भावाने हक्क सांगितला, तर ते पैसे परत मिळवण्यासाठी खरेदीदाराकडे त्या ओळीखेरीज काही नसते. खरेदीदाराचा एजंट असेल, तर टोकनच्या आधी विसार पावतीचा, म्हणजे टोकन कोणत्या अटींवर दिले ते लिहिलेल्या कागदाचा, मसुदा तयार होतो. त्यात ठरलेली किंमत, फ्लॅटसोबत काय राहणार आणि काय विक्रेता नेणार, करारनाम्याची तारीख, ताब्याची तारीख हे तर असतेच. पण खरी किंमत असते ती परताव्याच्या अटींना. शोध अहवालात, म्हणजे वकिलाने जुने दस्त तपासून दिलेल्या अहवालात, दोष निघाला, बँकेने मालमत्तेच्या कारणावरून कर्ज नाकारले किंवा विक्रेत्याने ठरलेल्या मुदतीत कागद दिले नाहीत, तर टोकनची पूर्ण रक्कम इतक्या दिवसांत परत, असे लेखी हवे. प्रामाणिक विक्रेता या अटींवर सही करायला सहसा खळखळ करत नाही. जो करतो, त्याच्या कागदपत्रांकडे दुप्पट लक्ष द्यावे लागते. रोखीचा विषय निघाला तर तिथेच थांबावे, कारण स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्या-देण्याला कायद्याने मनाई आहे आणि रोख दिलेले टोकन परत मागण्याचा पुरावाही उरत नाही.

पैशांचे वेळापत्रक हा दुसरा असाच विषय. ‘बँक ८० टक्के देते, म्हणजे आपल्याला सोळा लाख लागतील’ असा हिशेब करून लोक येतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे ३० लाखांवरील आणि ७५ लाखांपर्यंतच्या कर्जासाठी घराच्या मूल्याच्या ८० टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते, हे खरे आहे. मात्र त्या मूल्यात मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी धरली जात नाही. पुणे महापालिका हद्दीत सध्या ७ टक्के मुद्रांक शुल्क आहे, म्हणजे ऐंशी लाखांवर ५ लाख ६० हजार. नोंदणी फी ३० हजार. एजंटचे मानधन एक टक्का धरले तर ८० हजार. सोळा लाखांचे २२ लाख ७० हजार होतात. त्यातही बँकेच्या अभियंत्याने फ्लॅटचे मूल्य ७५ लाखच धरले, तर कर्ज ६४ लाखांऐवजी ६० लाख मिळते आणि स्वतःची रक्कम २६ लाख ७० हजारांवर जाते. एका ग्राहकाच्या बाबतीत टेरेस बंदिस्त करून केलेली खोली मंजूर नकाशात नव्हती, त्यामुळे अभियंत्याने ती मूल्यांकनात धरलीच नाही. हे आम्ही आधी नकाशा पाहून ओळखले होते, म्हणून किंमत त्या खोलीशिवाय ठरवता आली. घर फक्त महिलेच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, म्हणजे या उदाहरणात ८० हजार रुपये. पतीचे नाव सोबत लावल्यास ती मिळत नाही. हा निर्णय करारनाम्याच्या आधी आणि कर्जाचे अर्जदार ठरवतानाच घ्यावा लागतो. बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ऐंशी लाखांवर आणखी चार लाख, आणि पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकल्या गेलेल्या घरावर किंवा रीसेलवर तो लागत नाही. कोथरूड आणि वाघोली यांची तुलना करताना ही रक्कम आठवणीने मांडावी.

किंमत ५० लाख किंवा त्याहून अधिक असली, की खरेदीदाराने विक्रेत्याला द्यायच्या रकमेतून एक टक्का आयकर कापून सरकारकडे भरायचा असतो, आणि तो भरला नाही तर व्याज-दंड खरेदीदाराला सोसावा लागतो. हे अनेकांना नोटीस आल्यावर कळते. पुण्यात त्यात आणखी एक पदर आहे. कोथरूड, औंध, बाणेर येथील कित्येक फ्लॅटचे मालक अमेरिकेत किंवा अन्य देशांत स्थायिक झालेले आहेत. विक्रेता अनिवासी असेल, तर हा एक टक्क्याचा नियम लागूच होत नाही. कपात कितीतरी मोठ्या दराने करावी लागते, आणि ती कमी व्हावी म्हणून विक्रेत्याला आयकर खात्याकडून आधी दाखला मिळवावा लागतो, ज्याला काही आठवडे लागतात. विक्रेत्याचे वडील किंवा भाऊ मुखत्यारपत्रावर सही करणार असतील, तर ते परदेशात रीतसर साक्षांकित झाले आहे का, भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरले आहे का आणि त्यात विक्रीचा अधिकार स्पष्ट दिला आहे का, हे पाहावे लागते. खरेदीदाराचा एजंट पहिल्या भेटीतच ‘मालक कुठे राहतात?’ हा प्रश्न विचारतो तो याचसाठी.

विक्रेत्याच्या फ्लॅटवर कर्ज असेल, तर मूळ कागद त्याच्या बँकेत असतात. अशा वेळी आपल्या बँकेचा धनादेश विक्रेत्याच्या बँकेच्या कर्जखात्यात जायला हवा, उरलेली रक्कम विक्रेत्याला आणि मूळ कागद आपल्या बँकेकडे. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ पासून घातले आहे आणि उशिरासाठी दिवसाला ५,००० रुपये भरपाईही ठरवली आहे, पण तोपर्यंतचा काळ दोन बँका, विक्रेता आणि खरेदीदार यांच्यात रोज कोणीतरी निरोप पोहोचवत राहिल्याशिवाय सुरळीत जात नाही. केवळ शोध अहवालावर विसंबूनही चालत नाही. मूळ कागद ठेवून घेतलेल्या कर्जाची सूचना नोंदणी कार्यालयाला देण्याची सक्ती महाराष्ट्रात २०१३ पासूनची आहे. त्याआधीचे असे कर्ज शोधात दिसेलच असे नाही. म्हणून मूळ कागद डोळ्यांनी पाहावेत, पहिल्या करारनाम्यापासूनची साखळी पूर्ण आहे का ते पाहावे, आणि एखादा मूळ दस्त हरवला असेल तर त्याची पोलिस तक्रार व वर्तमानपत्रातील जाहीर सूचना टोकनच्या आधी मागावी.

सोसायटीच्या कार्यालयात एक तास बसणे हे माझ्या कामातले मी सर्वात महत्त्वाचे मानतो. तिथे थकबाकी कळते, गळतीच्या तक्रारी कळतात, लिफ्ट बदलण्यासाठी वर्गणी निघणार आहे का ते कळते. एकदा सिंहगड रस्त्यावरच्या एका फ्लॅटच्या करारनाम्यात ‘एक पार्किंगसह’ असे लिहिलेले होते, विक्रेत्याची गाडीही तिथे उभी असे, आणि सोसायटीच्या नोंदवहीत ती जागा दुसऱ्याच सभासदाला दिलेली निघाली; जुन्या शेजाऱ्यांमधल्या समजुतीवर बरीच वर्षे सगळे चालले होते. नव्या मालकाला ती समजूत लागू झाली नसती. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्टिल्टमधील, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या जागेतील, पार्किंग बिल्डरला स्वतंत्र विकता येत नाही असा निर्णय दिल्यापासून, जुन्या इमारतींत बिल्डरने दिलेल्या पार्किंगच्या पावतीपेक्षा सोसायटीच्या ठरावाला अधिक वजन आहे. फ्लॅट नव्या मालकाच्या नावे करताना सोसायटी घेते ते हस्तांतर अधिमूल्य महापालिका क्षेत्रात २५,००० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि ‘ऐच्छिक देणगी’ म्हणून मागितलेली रक्कम देणे आपल्यावर बंधनकारक नाही.

त्याच कार्यालयात विचारण्याचा एक प्रश्न खरेदीदार जवळजवळ कधीच विचारत नाहीत: जमिनीचे अभिहस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स, झाले आहे का? मोफा, म्हणजे फ्लॅटच्या मालकीविषयीचा महाराष्ट्राचा कायदा, १९६३ चा आहे आणि बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावे करून देणे त्यात बंधनकारक आहे, तरी असंख्य सोसायट्यांची जमीन आजही मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावावर आहे. त्यासाठीच पुढे मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डरने करून दिले नाही तरी सोसायटीला ते करून घेता येण्याची, सोय कायद्यात आली. तीस-पस्तीस वर्षांच्या इमारतीत आज घर घेणारा माणूस उद्याच्या पुनर्विकासाची आशाही त्या किमतीत मोजत असतो. कन्व्हेयन्स नसेल, तर ती आशा किती वर्षे लांबेल हे सांगता येत नाही आणि किंमत त्याप्रमाणे ठरवायला हवी. विक्रेत्याचा एजंट हा मुद्दा स्वतःहून कधीच काढणार नाही.

वाघोलीच्या पर्यायाबद्दल सांगायचे, तर पहिली सूचना अशी, की एजंट नेमायचा असेल तर साइटवर पाऊल ठेवण्याआधी नेमा. सेल्स ऑफिसात आपला फोन नंबर लिहिला गेला, की आपण ‘थेट आलेला ग्राहक’ किंवा एखाद्या चॅनेल पार्टनरचा ग्राहक म्हणून नोंदले जाता आणि नंतर आलेल्या एजंटला बिल्डर मान्यता देत नाही. थेट गेल्याने कमिशनची रक्कम आपल्याला सूट म्हणून मिळते असाही समज आहे; विक्रीचा खर्च किमतीत आधीच धरलेला असतो आणि तो बहुधा बिल्डरकडेच राहतो.

साइट पाहण्याआधी महारेराच्या संकेतस्थळावर त्या प्रकल्पाचे पान नीट वाचावे लागते. जमिनीवरील बोजा, चालू दावे, मंजूर मजले, पूर्णत्वाची मूळ आणि वाढवून घेतलेली तारीख, तिमाही प्रगती, हे सर्व तिथे असते. सॅम्पल फ्लॅट पंधराव्या मजल्याचे स्वप्न दाखवत असेल आणि बांधकाम परवानगी अकराव्या मजल्यापर्यंतचीच असेल, तर आपल्या मजल्याची परवानगी आली आहे का, हे विचारणारा कोणी सोबत हवा. करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, असे रेराचे कलम १३ सांगते; तरी ‘ऑफर महिनाअखेर संपते, २० टक्के भरून टाका’ असे आजही ऐकू येते. करारनाम्याचा मसुदा महारेराच्या आदर्श करारनाम्याशी ओळीनुसार ताडून पाहावा. ताब्यानंतर पाच वर्षांपर्यंत बांधकामातील दोष दूर करण्याची जबाबदारी बिल्डरची आहे, ती तरतूद पातळ केलेली दिसली तर सही करू नये.

वाघोली २०२१ मध्ये पुणे महापालिकेत समाविष्ट झालेल्या २३ गावांपैकी आहे. समाविष्ट गावांमधील पाण्याचा प्रश्न मोठा आहे. नळाचे पाणी पुरेसे येईपर्यंत अनेक सोसायट्या टँकरवर चालतात आणि तो खर्च मेंटेनन्समध्ये येतो. त्याच बिल्डरच्या शेजारच्या, आधी ताबा दिलेल्या इमारतीच्या सोसायटीकडून गेल्या उन्हाळ्यातील टँकरची बिले पाहायला मागा. ती पाहिल्यावर महिन्याचा खरा खर्च कळतो, आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहण्याची अधिकृत परवानगी, मिळण्याआधीच राहायला बोलावले जात आहे का, तेही त्या सोसायटीतील रहिवासी सांगतात.

एजंटच्या मर्यादाही सांगायला हव्यात. तो वकिलाची जागा घेऊ शकत नाही. शोध अहवाल आणि करारनाम्याचा मसुदा यांसाठी आपला स्वतंत्र वकील असावाच, आणि जो एजंट ‘वकील कशाला, मी बघतो’ म्हणतो त्याला नेमू नये. प्रत्येक व्यवहारात एजंट लागतो असेही नाही. त्याच सोसायटीत भाड्याने राहत असाल आणि घरमालकच विकत असेल, तर चांगला वकील पुरतो. म्हाडा किंवा सिडकोच्या सोडतीसाठी तर एजंट अजिबात नको. म्हाडाने कोणतेही एजंट नेमलेले नाहीत हे म्हाडा स्वतःच वारंवार जाहीर करते, आणि सोडतीत घर मिळवून देतो म्हणणारा माणूस फसवणूकच करत असतो.

नेमणूक लेखी करा. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांना हे परिचित असेल, कारण तिथल्या रिअल्टर संघटनेच्या खटल्यातील तडजोडीनंतर १७ ऑगस्ट २०२४ पासून घरे दाखवण्याआधीच एजंटला खरेदीदाराशी मानधन नमूद केलेला लेखी करार करावा लागतो. आपल्याकडे असे बंधन नसले, तरी दोन पानांचे पत्र पुरेसे आहे. त्यात भाग, किंमत, तीन महिन्यांची मुदत आणि मानधन लिहा. विक्रेत्याकडून, बिल्डरकडून किंवा बँकेच्या प्रतिनिधीकडून त्याला काही मिळणार असेल, तर ते त्याने आधी उघड करावे आणि ते आपल्या मानधनातून वजा व्हावे, अशी अट घाला. पुण्यात रीसेलमध्ये दोन्ही बाजूंकडून एक ते दोन टक्के घेण्याची पद्धत रूढ आहे. एकच माणूस दोघांकडून घेत असेल, तर तो आपल्यासाठी किंमत पाडणार नाही, हे उघड आहे. मी स्वतः टक्केवारीपेक्षा ठरावीक रक्कम पसंत करतो, कारण किंमत दोन लाखांनी उतरवली म्हणून एजंटचे मानधन घटता कामा नये. महारेरा नोंदणी क्रमांक आहे का, तो त्या भागात काम करतो का आणि आधीच्या दोन-तीन खरेदीदारांशी बोलू देतो का, एवढे पाहा. मुलाखतीत त्याला विचारा, की अलीकडे कोणत्या ग्राहकाला त्याने फ्लॅट घेऊ नका असे सांगितले आणि का. ज्याला सांगण्यासारखे काहीच नाही, तो बहुधा प्रत्येक व्यवहार पूर्ण करून टाकणारा असतो.

मानधन टोकनच्या वेळी देऊ नका. निम्मी रक्कम करारनामा दुय्यम निबंधकाकडे नोंदवला गेल्यावर द्या. उरलेली रीसेलमध्ये ताबा मिळून शेअर सर्टिफिकेट, वीजमीटर आणि मिळकतकर आपल्या नावावर झाल्यावर द्या, कारण ताब्यानंतरची ही तीन कामे बहुतेक व्यवहारांत वर्षभर रेंगाळतात आणि ती पाठपुरावा करून पूर्ण करून घेणे हेही आपल्या एजंटचेच काम आहे. नव्या प्रकल्पात ती ताब्याच्या दिवशी भोगवटा प्रमाणपत्राची प्रत हातात आल्यावर आणि घरातील दोषांची यादी बिल्डरच्या अभियंत्याने सही करून स्वीकारल्यावर द्या.